हॅसलब्लाड सुपर वाइड कॅमेरा

बायोगॉन या ३८ मिमी. केंद्रांतराच्या विस्तृतकोनी भिंगाभोवती रचलेला, आरसा नसलेला व पूर्णपणे यांत्रिक असा स्वीडिश कॅमेरा. गॉथनबर्ग येथील हॅसलब्लाड कंपनीने तो १९५४ मध्ये बाजारात आणला आणि अधूनमधून फेरफार करीत सु. अर्धशतक त्याचे उत्पादन चालू ठेवले. १२० क्रमांकाच्या रोल फिल्मवर सु. ५६ मिमी. बाजूचे चौरस चित्र त्यात मिळते. सर्वसाधारणपणे कॅमेरा आधी आणि त्याला बसणारी भिंगे नंतर असा क्रम असतो. येथे तो उलटा आहे. भिंगाची रचना आधी सिद्ध झाली; कंपनीच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात ते भिंग बसणे शक्य नव्हते, म्हणून त्याच्यासाठी निराळा कॅमेरा करण्यात आला. असे का करावे लागले हे पाहू गेल्यास आरशाचा कॅमेरा आणि विस्तृतकोनी भिंग यांच्यात मुळातच असलेला विरोध ध्यानात येतो, आणि सुपर वाइडचे सर्व गुणदोष त्या एका विरोधातून उद्भवलेले आहेत असे आढळते. [⟶ कॅमेरा, भिंग].

विस्तृतकोनी भिंग : भिंगाचे केंद्रांतर चित्राच्या कर्णाइतके असले म्हणजे त्याला त्या कॅमेऱ्याचे सामान्य भिंग मानण्याचा प्रघात आहे. ५६ मिमी. बाजूच्या चौरसाचा कर्ण सु. ७९ मिमी. भरतो, त्यामुळे हॅसलब्लाडचे सामान्य भिंग ८० मिमी. केंद्रांतराचे असते व कर्णाच्या दिशेने ते सु. ५३° एवढा दृश्यकोन व्यापते. केंद्रांतर ३८ मिमी. केल्यास हा कोन ९०° च्या थोडा वर जातो, तर चौरसाच्या बाजूच्या दिशेने तो सु. ७२° राहतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, समोरच्या भिंतीपासून ४ मी. अंतरावर उभे राहिल्यास सामान्य भिंगात तिचा २·८ मी. रुंदीचा भाग मावतो, तर ३८ मिमी. भिंगात जवळजवळ ६ मी. रुंदीचा. ज्याला खोलीच्या बाहेर जाऊन मागे सरकता येत नाही, अशा छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा फरक चित्र मिळणे आणि न मिळणे यांतील फरक असतो.

केंद्रांतर कमी असलेले भिंग बनविणे अवघड नाही. अवघड आहे ते चित्राच्या कोपऱ्यापर्यंत त्याला नीट काम करावयास लावणे. भिंगाच्या अक्षाशी ४५° कोन करून येणारे किरण काचेच्या पृष्ठभागांवर अतिशय तिरपे पडतात व सर्व प्रकारची विपथने तेथे झपाट्याने वाढतात. शिवाय प्रकाशाची तूट पडते. तिरप्या दिशेने पाहिल्यास भिंगाचे गोल छिद्र अरुंद दिसते, कोपरा छिद्रापासून अधिक दूर असतो आणि तेथे प्रकाश फिल्मवर तिरपा पसरतो. या सर्वांचा एकत्रित परिणाम म्हणजे प्रकाश कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. ४५° कोनाला तो मध्यभागाच्या केवळ एकचतुर्थांश उरतो. हा भूमितीचा नियम आहे. चांगली काच वापरून त्यातून सुटका होत नाही.

जुन्या भिंगकारांनी या अडचणीवर नाना उपाय केले. न्यूयॉर्कच्या हॅरिसन व श्निट्झर यांनी १८६० च्या सुमारास केलेल्या ‘ग्लोब’ भिंगाचे बाह्य पृष्ठभाग एकाच गोलाचे भाग होते. जर्मनीत एमील फोन ह्योग यांनी १९०० मध्ये गेर्ट्‌स कंपनीसाठी ‘हायपरगॉन’ हे भिंग रचले. त्यात चंद्रकोरीसारखा छेद असलेल्या, अतिशय पातळ व खोलगट अशा फक्त दोन काचा समोरासमोर ठेवलेल्या होत्या व ते सु. १४०° कोन व्यापीत असे. मध्य व कडा यांच्या प्रकाशातील तफावत भरून काढण्यासाठी त्याच्या पुढे ताऱ्याच्या आकाराची एक चकती बसविलेली असे. रबरी फुग्याने वारा घालून ती उद्‌भासनाच्या पहिल्या भागात फिरती ठेवीत व मग बाजूला पाडीत. ही युक्ती विनोदी वाटली, तरी तिच्यामागील हिशेब अचूक होता. याच कल्पनेचा विस्तार करून झाइस कंपनीच्या रॉबर्ट रिश्टर यांनी १९३३ मध्ये विमानातून नकाशे काढण्यासाठी ‘टोपोगॉन’ हे चार काचांचे भिंग तयार केले.

या सर्व भिंगांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे सममिती. छिद्राच्या पुढील व मागील भाग एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे असले, तर पुढच्या भागाने केलेली काही विपथने मागचा भाग उलट दिशेने करतो व ती परस्परांना खोडून टाकतात. सरळ रेषांना बाक आणणारे विरूपण, तिरप्या किरणांमुळे बिंदूला शेपूट फुटणे (याला कोमा म्हणतात) आणि चित्राच्या कडेला वेगवेगळ्या रंगांच्या प्रतिमा निरनिराळ्या आकाराच्या होणे हे तीन दोष सममितीने जवळजवळ आपोआप आटोक्यात येतात. वस्तू व प्रतिमा समान आकाराच्या असताना हे खोडणे पूर्ण असते. दूरच्या वस्तूंच्या बाबतीत ते तितके पूर्ण नसले, तरी पुष्कळसे उपयोगी पडते. घराच्या भिंतींच्या रेषा सरळच दिसाव्यात असे वाटणारा वास्तुचित्रकार आणि डोंगराची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत हवी असणारा नकाशाकार या दोघांनाही सममित भिंगच प्रिय होते, याचे कारण हेच.

बायोगॉन : लूटव्हिख बेर्टेले (१९००–८५) हे या भिंगाचे जनक. ड्रेझ्डेनच्या एर्नेमान कंपनीत असताना, विशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ‘एर्नोस्टार’ हे त्या काळी अपूर्व असे प्रकाशग्राही भिंग रचले. पुढे झाइस इकॉन कंपनीच्या काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी ‘सोनार’ मालिका व १९३० च्या दशकात ३५ मिमी. केंद्रांतराचे पहिले बायोगॉन सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमधील हेरब्रुग येथील व्हिल्ट या भूमापन-उपकरणांच्या कंपनीसाठी त्यांनी ‘एव्हिओगॉन’ हे हवाई छायाचित्रणाचे भिंग रचले. त्यातील तत्त्व सर्वसाधारण छायाचित्रणासाठी वापरून १९५० च्या दशकाच्या आरंभी नवे बायोगॉन जन्माला आले. नाव जुनेच राहिले, तरी रचना पूर्णतः निराळी होती. ओबरकोखेन येथील कार्ल झाइसने ते निरनिराळ्या केंद्रांतरांत केले : काँटॅक्ससाठी २१ मिमी., हॅसलब्लाडसाठी ३८ मिमी., व मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी त्याहून अधिक.

या भिंगात आठ काचा पाच गटांत बसविलेल्या आहेत. मध्यभागी छिद्राच्या दोन्ही अंगांना प्रकाश एकवटणारे जाड संयुक्त गट आहेत आणि सर्वांत बाहेर, पुढे व मागे, प्रकाश फाकविणाऱ्या मोठ्या, खोलगट, चंद्रकोरी काचा आहेत. बाहेर मोठ्या ऋण काचा ठेवण्याची ही कल्पना बेर्टेले यांच्या आधी रशियन शास्त्रज्ञ मिखाइल रुसिनॉव्ह यांनी मांडली होती आणि तिचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. या काचांमुळे दोन लाभ होतात. बाहेरून अतिशय तिरपा येणारा किरण पहिल्याच काचेत अक्षाकडे वळतो व छिद्रातून कमी तिरपेपणाने जातो; त्यामुळे विपथने कमी होतात. दुसरा लाभ अधिक नवलाचा आहे. बायोगॉन हातात घेऊन त्यात बाजूने पाहिल्यास त्याचे छिद्र इतर भिंगांतल्याप्रमाणे मिटत न जाता फुगल्यासारखे दिसते. चौथ्या घाताच्या नियमातील एक कारण, म्हणजे छिद्राचे अरुंद होणे, यामुळे बरेचसे नाहीसे होते व प्रकाश साधारणतः कोज्येच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतो. ४५° कोनाला २५ टक्क्यांऐवजी सु. ३५ टक्के प्रकाश मिळतो. ही सुधारणा आकड्यात लहान वाटते. परंतु रंगीत पारदर्शिकांच्या फिल्मवर, जेथे उद्‌भासनातील थोडीशी चूकही उघडी पडते, तिचे मोल मोठे होते.

पाच गट म्हणजे हवा व काच यांच्या सीमेवरील दहा पृष्ठभाग झाले. लेप नसलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित होत असल्याने असे भिंग पूर्वीच्या काळी निस्तेज चित्र देते. परावर्तनरोधी लेपांचे तंत्र १९३० च्या दशकात झाइसमध्येच विकसित झाले नसते, तर बायोगॉन कागदावरच राहण्याचा संभव होता. भिंगाचे सर्वांत मोठे छिद्र एफ/४·५, म्हणजे केंद्रांतराच्या ४·५ अंशाइतक्या व्यासाचे आहे. आजच्या मानाने हे मोठे नव्हे. पण त्या छिद्रालाही कोपऱ्यापर्यंत मिळणारी स्पष्टता ही त्याची खरी ख्याती होय.

आरशाची अडचण : व्हिक्टर हॅसलब्लाड (१९०६–७८) यांनी १९४० पासून स्वीडिश हवाई दलासाठी कॅमेरे बनविले व १९४८ मध्ये आपला पहिला नागरी कॅमेरा न्यूयॉर्क येथे सादर केला. तो एकभिंगी परावर्ती प्रकारचा होता. भिंगातून आलेला प्रकाश ४५° कोनात ठेवलेल्या आरशावरून वर दुधी काचेवर पडतो. छायाचित्रक वरून तीत पाहून चित्र जुळवितो. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो व प्रकाश फिल्मकडे जातो. जे दिसते तेच फिल्मवर उमटते, हा या प्रकाराचा थोर गुण आहे. परंतु ५६ मिमी. चौरस दृश्य परावर्तित करणाऱ्या आरशाला हलण्यासाठी जागा लागते. हॅसलब्लाडमध्ये भिंग बसविण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ७४·९ मिमी. आहे. आता ३८ मिमी. केंद्रांतराचे सममित भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा आपल्या मध्यापासून साधारणपणे ३८ मिमी. मागे पाडते, आणि त्याची शेवटची काच तर फिल्मच्या त्याहूनही जवळ असते. म्हणजे आरसा जेथे फिरावयाचा, नेमक्या त्याच जागी भिंगाचा मागचा अर्धा भाग येतो. दोहोंपैकी एकाने जागा सोडली पाहिजे.

या पेचातून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे भिंगाची सममिती सोडणे. पुढे प्रकाश फाकविणारा गट व मागे एकवटणारा गट ठेवला, तर केंद्रांतर कमी असूनही प्रतिमा भिंगापासून दूर मागे पडते. अशा भिंगाला व्यस्त दूरभिंग म्हणता येईल. तीन फिल्मांवर एकाच वेळी रंगीत चलच्चित्रण करणाऱ्या टेक्निकलर कॅमेऱ्यात भिंगामागे प्रकाश विभागणारा लोलक बसवावा लागे; त्यासाठी इंग्लंडच्या टेलर-हॉब्सन कंपनीत १९३० च्या दशकाच्या आरंभी असे भिंग करण्यात आले होते. फ्रान्सच्या प्येअर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ते लहान परावर्ती कॅमेऱ्यांसाठी आणले व त्यांनी दिलेले ‘रेट्रोफोकस’ हे नाव पुढे सर्वसामान्य झाले. झाइसची अशी भिंगे ‘डिस्टागॉन’ या नावाने ओळखली जातात. मात्र १९५४ मध्ये या मार्गाने ९०° चा कोन, सरळ रेषांचा सरळपणा न गमावता, हॅसलब्लाडच्या चौरसावर मिळविणे शक्य झालेले नव्हते. आरशाच्या हॅसलब्लाडसाठी ४० मिमी. केंद्रांतराचे डिस्टागॉन १९६७ मध्ये आले, तेव्हा त्या एकट्या भिंगाचे वजन संपूर्ण सुपर वाइड कॅमेऱ्याच्या वजनाच्या जवळपास भरले.

दुसरा मार्ग हॅसलब्लाडने पतकरला : आरसाच काढून टाकला.

कॅमेऱ्याची जडणघडण : आरसा, दुधी काच, आरसा उचलणारी यंत्रणा व मागची झडप हे सर्व वगळल्यावर जे उरले ते अगदी थोडे होते. समोर भिंग, मागे अदलाबदल करता येणारी फिल्मपेटी, आणि त्या दोहोंना ठरावीक अंतरावर घट्ट धरून ठेवणारी धातूची अरुंद चौकट. भिंगाचा बराचसा भाग या चौकटीच्या पोटात गेलेला असतो व ते काढता येत नाही. हे वरवर पाहता उणेपण वाटते. वस्तुतः अशा भिंगाच्या बाबतीत भिंग व फिल्म यांच्यातील अंतर शतांश मिलिमीटरच्या मर्यादेत कायम राहणे महत्त्वाचे असते, आणि कायमच्या जोडणीने ते साधते.

शटर भिंगातच, छिद्रालगत बसविलेले आहे. काँपूर नावाने प्रसिद्ध असलेल्या या पात्यांच्या शटरची गती १ सेकंदापासून १/५०० सेकंदापर्यंत असून ती सर्वस्वी स्प्रिंगा व दंतचक्रे यांवर चालते. विजेरीची गरज नाही. हॅसलब्लाडच्या त्या वेळच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत फिल्मसमोर सरकणारे धातूच्या पातळ पत्र्याचे शटर असे व ते नाजूक ठरले होते. भिंगातील शटर वापरणारा या कंपनीचा पहिला कॅमेरा सुपर वाइड होय. १९५७ मध्ये आलेल्या ५०० सी या विख्यात कॅमेऱ्यात हीच पद्धत स्वीकारण्यात आली. आरशाचा धक्का नाही व शटरचा आवाज किंचित ‘टिक्’ एवढाच, त्यामुळे भिंतीला टेकून उभे राहिल्यास १/१५ सेकंदाचे उद्‌भासनही हातात धरून निभावते. मूळच्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकविणे व शटर ताणणे ही कामे वेगवेगळी करावी लागत. १९५९ च्या सुपर वाइड सी या आवृत्तीत एकाच दांड्याच्या फेऱ्यात ती दोन्ही होऊ लागली.

आरसा गेल्याची किंमत मात्र द्यावी लागते. भिंगातून पाहता येत नाही. कॅमेऱ्याच्या माथ्यावर वेगळा प्रकाशीय दृश्यदर्शक सरकवून बसवितात. तो चित्राची चौकट अंदाजाने दाखवितो आणि त्याच्या खालच्या बाजूस खुद्द भिंगाची नळी डोकावते, म्हणजे चित्राच्या तळाशी काय येणार हे नीट कळत नाही. दृश्यदर्शक भिंगाच्या वर असल्याने जवळच्या वस्तूंच्या बाबतीत दोघांच्या दृष्टीत फरकही पडतो. अंतर जुळविण्यास कोणतेही साधन नाही. ते नजरेने अजमावून किंवा फीत लावून मोजावयाचे व भिंगावरील आकड्यांवर कडे फिरवून ठेवावयाचे. कमीत कमी अंतर ३० सेंमी. आहे. फिल्मपेटी काढून तेथे दुधी काच लावता येते व तीत खरे चित्र पाहता येते. तिवईवरील संथ कामात जाणकार तीच वापरतात.

अंदाजाचे हे काम वाटते तितके जोखमीचे नाही, कारण केंद्रांतर कमी असल्याने स्पष्टतेची खोली फार मोठी असते. छिद्र एफ/८ ठेवून अंतर सु. ३·६ मी. लावल्यास सु. १·८ मी. पासून अनंतापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. एफ/२२ ला ही मर्यादा सु. ६६ सेंमी. इतकी जवळ येते. तथापि अशी खोली ही सोयीस्कर तडजोड आहे हे विसरू नये. रोखलेल्या अंतराखेरीज इतर ठिकाणची प्रतिमा ‘पुरेशी’ स्पष्ट असते, पूर्ण स्पष्ट नव्हे. मोठ्या वर्धनात हा भेद उघडा पडतो. शिवाय एफ/२२ सारख्या लहान छिद्राने विवर्तनामुळे सर्वच चित्र किंचित मऊ होते. या भिंगाचा सर्वोत्तम गुण पाहावयाचा असल्यास एफ/८ ते एफ/११ वर, अंतर मोजून काम करावे.

यथादर्शन व विरूपण : विस्तृतकोनी भिंगांविषयी सर्वांत रूढ असलेला समज असा की, ती दृश्य ‘ओढतात’, चेहरे बिघडवितात, इमारती पाडतात. यात तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते आणि सुपर वाइडच्या साहाय्याने त्या वेगळ्या करून दाखविता येतात, कारण त्यातील भिंग यांपैकी पहिल्या दोषापासून जवळजवळ मुक्त आहे.

पहिली गोष्ट म्हणजे विरूपण. सरळ रेषेची प्रतिमा वाकडी येणे हा भिंगाचा दोष होय. बायोगॉनमध्ये तो इतका अल्प आहे, की चौकटीच्या कडेला लागून असलेली भिंतीची रेषाही सरळ येते. दुसरी गोष्ट म्हणजे कडेच्या वस्तूंचे लांबणे. चित्राच्या कोपऱ्यात आलेला चेंडू अंड्यासारखा दिसतो. अक्षापासून ४५° वर त्याच्या प्रतिमेची लांबी रुंदीच्या सु. १·४ पट होते. हा भिंगाचा दोष नसून सपाट पृष्ठावर प्रक्षेपण करण्याचा अटळ परिणाम आहे. सरळ रेषा सरळ ठेवावयाच्या, तर गोल वस्तू कडेला लांबणारच. हे चित्र योग्य अंतरावरून पाहिल्यास लांबलेला चेंडू पुन्हा गोल दिसतो. ते अंतर काढणे सोपे आहे : केंद्रांतराला वर्धनाने गुणावे. दहापट वाढविलेले, म्हणजे ५६ सेंमी. बाजूचे चित्र ३८ सेंमी. वरून, एका डोळ्याने, मध्याच्या बरोबर समोर राहून पाहावे. इतक्या मोठ्या चित्राच्या इतक्या जवळ कोणी उभे राहत नाही. प्रदर्शनात प्रेक्षक दीड-दोन मीटर दूर असतात, आणि मासिकाच्या पानावर छोटे छापलेले हेच चित्र योग्य रीतीने पाहावयाचे तर ते नाकाला लावावे लागेल. ज्याला भिंगाची विकृती म्हणतात ती पुष्कळदा पाहणाऱ्याच्या जागेची चूक असते. तरीही कोपऱ्यात माणसाचे डोके येऊ देऊ नये हा जुन्या छायाचित्रकांचा नियम शहाणपणाचाच आहे, कारण चित्र कोठून पाहिले जाईल हे छायाचित्रकाच्या हाती नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे यथादर्शन, अर्थात जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसणे. ते केवळ कॅमेरा कोठे ठेवला आहे यावर अवलंबून असते. भिंगाशी त्याचा संबंध नाही. विस्तृतकोनी भिंग छायाचित्रकाला वस्तूच्या अगदी जवळ जाऊ देते, एवढाच त्याचा अपराध. चेहऱ्यापासून ४० सेंमी. वर कोणतेही भिंग लावले तरी नाक मोठेच येईल.

इमारती ‘पडतात’ त्या कॅमेरा वर उचलून धरल्याने. फिल्मचे प्रतल भिंतीला समांतर राहिले नाही, की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात, व दृश्यकोन जितका मोठा तितका हा झुकाव डोळ्यांत भरतो. म्हणून सुपर वाइडवर गवंड्याच्या हत्यारासारखी एक छोटी गोल पाणसळ बसविलेली असते व तिचा बुडबुडा दृश्यदर्शकातून पाहता पाहता दिसतो. कॅमेऱ्यावरील एवढ्याशा साधनाला अन्यत्र कोठेही इतके महत्त्व नसेल. बुडबुडा मध्यावर ठेवला, की रेषा उभ्या राहतात. परंतु क्षितिज चित्राच्या बरोबर मध्यातून जाते आणि खालचा अर्धा भाग जमिनीने भरतो. वास्तुचित्रणाच्या मोठ्या कॅमेऱ्यात भिंग वर सरकवून हा प्रश्न सोडवितात. सुपर वाइडमध्ये तशी सोय नाही. यावर दोनच उपाय : चौरसाचा खालचा भाग कापून आडवे चित्र करणे, किंवा त्या जमिनीचाच चित्रासाठी उपयोग करून घेणे. या कॅमेऱ्याने काढलेल्या उत्तम चित्रांत फरशी, रस्ता, वाळू यांना जे स्थान मिळालेले दिसते, त्याचे एक कारण ही सक्ती आहे.

निळ्या आकाशाचे चित्र घेताना ध्रुवण-गाळणी वापरू नये, हेही येथेच सांगावयास हवे. आकाशातील प्रकाशाचे ध्रुवण सूर्यापासून ९०° वर सर्वाधिक असते व इतरत्र कमी. इतका मोठा कोन एका चौकटीत आला, की आकाशाचा एक पट्टा काळवंडतो व उरलेले फिकट राहते.

अवकाशात : १९६६ मधील जेमिनी यानांच्या उड्डाणांत सुपर वाइडचा उपयोग करण्यात आला. त्याच वर्षी जुलैमध्ये जेमिनी-१० मधून बाहेर पडलेल्या मायकेल कॉलिन्स यांच्या हातून हॅसलब्लाड निसटला व अवकाशात गेला. याहून महत्त्वाची गोष्ट तीन वर्षांनी घडली. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या पृष्ठभागावर वापरलेला कॅमेरा विद्युत्‌ चलित्रावर चालणाऱ्या हॅसलब्लाडपासून बनविलेला होता; परंतु त्याचा आरसा काढून टाकण्यात आला होता, कारण त्याला ६० मिमी. केंद्रांतराचे व एफ/५·६ छिद्राचे बायोगॉन बसविले होते. सुपर वाइडच्या जन्माचे कारण येथे जसेच्या तसे पुन्हा उपस्थित झाले आणि निर्णयही तोच झाला. दृश्यदर्शकात डोळा लावणे शिरस्त्राणामुळे अशक्यच होते. कॅमेरा छातीवर अडकवून, अंतर आकड्यांवर लावून व सबंध शरीर वळवून नेम धरला जाई.

या चांद्रचित्रांत सर्वत्र बारीक अधिक-चिन्हे दिसतात. फिल्मच्या लगत एक पारदर्शक काचपट्टी बसविलेली असून तिच्यावर १० मिमी. अंतराने एकूण २५ चिन्हे कोरलेली होती. त्यांचे प्रयोजन विस्तृतकोनी भिंगाच्या स्वभावात आहे. फिल्म कितीही ताणून धरली तरी पूर्ण सपाट राहत नाही. सामान्य भिंगात तिचा लहानसा फुगवटा फारसा जाणवत नाही; पण ४५° ने तिरप्या येणाऱ्या किरणाच्या मार्गात फिल्म ०·१ मिमी. पुढे आली, तर प्रतिमाही तेवढीच, म्हणजे ०·१ मिमी. बाजूला सरकते. चित्रावरून अंतरे मोजणाऱ्याला ही चूक परवडत नाही. चिन्हांच्या मूळ जागा ठाऊक असल्याने फिल्मचे आकुंचन-प्रसरण मागाहून हिशेबात घेता येते. चंद्रावरून परतताना अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी फिल्मपेट्या आणल्या व वजन वाचविण्यासाठी कॅमेरा भिंगासह तेथेच ठेवला.

कलेच्या क्षेत्रात या कॅमेऱ्याचा सर्वांत चिकाटीचा उपयोग अमेरिकन छायाचित्रकार ली फ्रीडलँडर यांनी केला. अनेक वर्षे लहान फिल्मच्या कॅमेऱ्यावर काम केल्यानंतर १९९० च्या दशकात ते सुपर वाइडकडे वळले व त्यांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटातील काटेरी झुडपांची दाट, गुंतागुंतीची चित्रे काढली. पुढे भाड्याच्या मोटारीत बसून, खिडकीची चौकट, सुकाणूचक्र व बाजूचा आरसा यांच्यासह बाहेरचे दृश्य टिपणारी त्यांची मालिका २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शित झाली. मोटारीच्या अंतर्भागातून मागे सरकावयास जागा नसते; दाराचे हँडल आणि दूरचा डोंगर दोन्ही एकाच वेळी स्पष्ट हवे असतात. या कॅमेऱ्याला साजेशी याहून अनुरूप जागा शोधून सापडणार नाही.

नंतरच्या आवृत्त्या : १९७० च्या दशकात भिंगावर अनेक थरांचे लेप आले. १९८० मध्ये सुपर वाइड सी/एम या आवृत्तीत तळाची रचना बदलून झटपट चित्र देणारी पोलरॉइड पेटी लावण्याची सोय झाली. शेवटची आवृत्ती, ९०५ एसडब्ल्यूसी, २००१ मध्ये निघाली. शिसे व आर्सेनिक असलेल्या जुन्या प्रकाशीय काचा पर्यावरणाच्या कारणास्तव मागे पडत चालल्या होत्या. त्यामुळे बायोगॉनची गणिते नव्या काचांसाठी पुन्हा करावी लागली. जुने भिंग नव्याहून सरस असल्याचे मानणारे छायाचित्रक पुष्कळ आहेत. या आवृत्तीचे उत्पादन त्या दशकात थांबले, आणि २०१३ मध्ये हॅसलब्लाडने आरशाच्या यांत्रिक कॅमेऱ्यांची मालिकाही बंद केली.

वापरात राहिलेल्या सुपर वाइड कॅमेऱ्यांत दुरुस्तीची गरज पडते ती मुख्यतः शटरला. कॅमेरा बराच काळ पडून राहिला म्हणजे वंगण घट्ट होते व १ सेकंद, १/२ सेकंद यांसारख्या मंद गती अधिकच मंदावतात. ताणलेल्या स्थितीत तो वर्षानुवर्षे ठेवू नये. सुट्या भागांची चणचण असली, तरी स्प्रिंगा व दंतचक्रे यांचे हे काम कुशल घड्याळजीच्या आवाक्यातले आहे. विजकीय भाग नसल्याने मंडल जळून कॅमेरा कायमचा निकामी होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

फिल्मपेटीच्या जागी अंकीय पेटी लावून हा कॅमेरा वापरता येतो. तसे केल्यावर मात्र त्याची ती जुनी सममिती आड येते. फिल्मला प्रकाश तिरपा आला तरी चालतो. अंकीय संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर सूक्ष्म भिंग व रंगीत गाळणी असते आणि फार तिरपा किरण शेजारच्या बिंदूत शिरतो. परिणामी चित्राच्या कडांना हिरवट वा जांभळट छटा येते व ती संगणकावर काढावी लागते. शिवाय या पेट्यांतील सु. ४४ मिमी. रुंदीच्या संवेदकावर बायोगॉनचा आडवा दृश्यकोन ७२° वरून सु. ६०° वर येतो. आरसा नसलेले आधुनिक अंकीय कॅमेरे एकविसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाले, तेव्हा भिंगाला फिल्मजवळ, म्हणजे आता संवेदकाजवळ, जाण्याची मोकळीक पुन्हा मिळाली. तथापि तिरप्या किरणांच्या या अडचणीमुळे त्यांची विस्तृतकोनी भिंगे पूर्ण सममित न करता बहुधा रेट्रोफोकसकडे झुकणारी करतात, व उरणारे विरूपण संगणकीय हिशेबाने सरळ करून घेतात.